नऊ एकर बरड

पुणे, २० एप्रिल २०२५

प्रिय बाई,

फोनवर तुझे-माझे दुसऱ्या मिनिटाला वाजते, म्हणून लिहितो. तूच म्हणायचीस, कागदावर माणूस जरा सबुरीने बोलतो.

बातमी आनंदाची आहे. येत्या जुलैत बापूंना जाऊन दहा वर्षे होतील. आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाने यंदा एखाद्या गावी झाडे लावायचे ठरवले, तेव्हा सचिव म्हणून मीच आपल्या तांड्याजवळचे बरड सुचवले. नऊ एकर नुसते पडून आहे. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून नोंद, पेरणी होत नाही, दगडगोटे आणि गवत. मंडळ चारशे रोपे देणार आहे. कडुनिंब, करंज, शिसम. ६ जुलैला पंधरा-वीस जण लावायला येतील. पांढरकवड्याच्या पूनमसिंगशी बोललो आहे. तो मे महिन्यात खड्डे खणून ठेवील, म्हणजे मातीला ऊन लागते.

बापूंच्या मागे जमीन आपल्या दोघा बहीणभावांच्या नावावर असल्याने तुझी संमती लागेल. कागद सोबत ठेवला आहे, सही करून पाठव.

तीस वर्षे वणीच्या शाळेत तू मुलांना विज्ञान शिकवलेस. निवृत्त होऊन तांड्यावर राहायला गेलीस, तेव्हा वाटले होते की तिथे तुला करमायचे नाही. आता दारासमोर जंगल उभे राहील. किती पाखरे येतील, विचार कर!

तुझा,
इंदर

तांडा, केळापूरजवळ, २७ एप्रिल २०२५

प्रिय इंदर,

कागद मिळाला. सही केलेली नाही आणि करणारही नाही.

रागावू नकोस, आधी वाच. तू म्हणतोस पाखरे येतील. इंदर, पाखरे आहेत. तू शेवटचा आलास तो दिवाळीत, गवत कापल्यावर, आणि दोन दिवस घरात बसून मोबाइल पाहिलास. आत्ता ये. सकाळी सहाला माझ्याबरोबर चल आणि पाय कुठे ठेवतोस ते बघ. टिटवीची चार अंडी उघड्या जमिनीवर असतात, गोट्यांत गोटे. तिच्या पलीकडे धाविक नावाचा लांब पायांचा पक्षी आहे, तोही जमिनीवरच अंडी घालतो. चंडोल गवताच्या बुडाशी. उत्तरेच्या टेकाडाला खोकडाचे बीळ आहे, त्याची तीन पिल्ले मी मोजली. यांतले कोणीही झाडावर राहत नाही. झाडावर कावळा बसतो. उंचावर बसले की त्याला खालचे सगळे घर दिसते, मग एक अंडे उरत नाही.

काल दुपारी पारा पंचेचाळीसवर होता. आपल्या गुरांच्या हौदावर टिटवी आली. पाणी प्यायली नाही. पोट बुडवून बसली, पिसे चिंब केली आणि तशीच उडत परत गेली, अंड्यांवर बसायला. गार करायला, इंदर. अंडी उबवायची नसतात या उन्हात, वाचवायची असतात. मी खिडकीत उभी होते. चहा उतू गेला.

तुला आपल्या शाळांतला शनिवारचा पत्राचा तास आठवतो का? तू मुलांच्या वसतिगृहात, मी कॉन्व्हेंटमध्ये. पत्रे सिस्टर आधी वाचणार, म्हणून आपण दोघेही 'मी खुशाल आहे' एवढेच लिहायचो आणि उशीत तोंड घालून रडायचो. त्याच वर्षी विज्ञानाच्या सिस्टरांनी फळ्यावर लिहिले होते, प्राण्यांना जगायला काय लागते. अन्न, पाणी, हवा, निवारा. मी हात वर करून म्हटले, "सिस्टर, लांबवर दिसायलाही लागते." सगळ्या मुली हसल्या. तांड्याची पोरगी, हिला काय कळते. सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात नाही. पण तू वहीच्या कडेला लिहून ठेव." ते मला आपल्या बरडानेच शिकवले होते. टिटवीला कोल्हा लांबून दिसला तरच ती पंख मोडल्याचे सोंग घेऊन त्याला भलतीकडे नेऊ शकते. मधे चारशे झाडे आली की तिने काय पाहायचे?

इथेही मला कोणाची साथ आहे असे समजू नकोस. शेजारच्या तानाबाई रोज ऐकवतात, "वंगाळ पाखरू हाय ते, बाई. राती वरडते तं माह्या जिवात धस्स होते. हाकला तिले. झाडं लावा, सावली होईन." मी म्हटले, सावली हवी तर माझ्या ओसरीवर येऊन बसा. तर म्हणतात, "तुमच्या ओसरीत पुस्तकंच लय."

झाडे दुसरीकडे लाव. मी स्वतः पाणी घालीन.

तुझी,
बाई

पुणे, ४ मे २०२५

प्रिय बाई,

पत्र दोनदा वाचले. सुंदर लिहितेस, नेहमीसारखे. पण मी मंडळाला शब्द देऊन बसलो आहे. वीस माणसांसमोर आता काय सांगू? माझी बहीण टिटवीसाठी झाडे लावू देत नाही? लोक हसतील. माझ्यावर हसले तर चालेल, पण तुझ्यावर हसतील.

जमिनीत अर्धा वाटा माझाही आहे, हे मी आजवर कधी बोललो नाही. आज बोलतो. पूर्वेकडच्या साडेचार एकरांत मी खड्डे घेणार. तुझा भाग तुला.

तुझ्या घरट्यांची इतकी काळजी असेल तर खुणा करून ठेव. पूनमसिंग तेवढी जागा सोडून देईल. तो १६ तारखेला माणसे घेऊन येईल. यापेक्षा जास्त मी काय करू?

इंदर

तांडा, ९ मे २०२५

इंदर,

वाट्याचे बोललास, बरे झाले. मनात ठेवण्यापेक्षा ते चांगले.

खुणा केल्या. पाच घरटी सापडली. प्रत्येकाभोवती हातभर अंतर ठेवून चुन्याचे गोल काढले. तीन तुझ्या अर्ध्यात, दोन माझ्या. त्या बिचाऱ्यांनी सातबारा पाहिलेला नव्हता. वाकून वाकून कंबर धरली आहे, पण काम नीट झाले. लांबूनही पांढरे दिसते.

संमती मी अजूनही दिलेली नाही, हे लक्षात ठेव. १६ तारखेला मी स्वतः तिथे उभी असेन. त्याआधी १३ ते १५ वणीला जाऊन येते, डोळ्यांची तपासणी आहे.

बाई

पुणे, १५ मे २०२५

प्रिय बाई,

काय लिहू! माझ्या पत्राला तुझे उत्तर अजून पोचलेले नाही, पण आज पूनमसिंगचा फोन आला आणि माझे डोळे भरून आले.

त्याची माणसे दुसऱ्या कामावरून आधीच मोकळी झाली, म्हणून तो १४ लाच गेला म्हणे. तू नव्हतीस. पण म्हणाला, "साहेब, बाईंनं सोता चुना टाकून सुरुवातीचे पाच खड्डे आखून देल्ले होते. आमी तिथूनच मुहूर्त केला." मी त्याला दोनदा विचारले, खरेच बाईंनी? म्हणाला, हो, सुरेख गोल.

बाई, तू अशीच आहेस. पत्रात भांडायचे आणि मागून गुपचूप हात लावायचा. लहानपणी माझ्या निबंधाचे असेच करायचीस. दोन दिवसांत तीस खड्डे झाले आहेत. आता तेवढी सही करून टाक.

तुझा,
इंदर

तांडा, २९ मे २०२५

इंदर,

तुझे पत्र आले तेव्हा मी बरडावर होते. तिथेच वाचले. उत्तर लिहायला आठवडा लागला.

ते गोल म्हणजे घरटी होती.

मी १५ ला संध्याकाळी वणीहून परतले. डोळ्यांत औषध घातले होते, सगळे धूसर दिसत होते. तरी टिटवी ऐकू येत होती. ती घरावरून हौदाकडे आणि हौदावरून बरडाकडे फेऱ्या घालत होती, थांबत नव्हती. मी समजले की काहीतरी झाले आहे. जाऊन पाहिले तर माझ्या प्रत्येक गोलाच्या आत दोन फूट खोल खड्डा. पाचच्या पाच. मातीच्या ढिगावर टरफल चिकटलेले होते. चुन्याची कड मात्र शाबूत होती, इतके नीट खणले होते.

दुसऱ्या दिवशी पूनमसिंग आला. मी त्याच्यावर ओरडले, आयुष्यात कोणावर ओरडले नाही इतकी. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला.

"बाई, तुमीच तं चुना टाकला!"

"तो खणू नका म्हणून टाकला होता!"

"खोदू नका म्हून कोनी चुना टाकते काय? वीस वर्सं झाले खड्डे करून राह्यलो. चुना दिसला का कुदळ मारायची. नाई खोदायचं तं काटी रोवाची, चिंधी बांधाची."

"अंडी दिसली नाहीत तुम्हाला?"

"अंडी पांढरी असते, बाई. तिथं तं गोटेच होते."

मग त्याने विचारले, आणि कळवळून विचारले, "पन तुमी चुना टाकला काहून?"

तुला सांगते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये क्रीडादिनाला मैदानावर चुन्याची रेघ मारायचे आणि रेघेच्या आत कोणी पाऊल ठेवले तर सिस्टर शिटी वाजवायच्या. चुना म्हणजे आत जायचे नाही, हे माझ्या डोक्यात पन्नास वर्षे पक्के बसले आहे. साऱ्या जिल्ह्यात चुना म्हणजे इथे खणा, हे मी तांड्यात जन्मून विसरले. शिकले म्हणून विसरले. खुणा करायचे तू सुचवलेस खरे, पण पाच घरट्यांवर कुदळ मी बोलावली. हे तुझ्यावर ढकलणार नाही.

आता पुढचे ऐक. अपराधाने मी मऊ होईन असे तुला वाटत असेल, तर तसे होणार नाही. त्याच संध्याकाळपासून मी खड्डे बुजवते आहे. फावडे, घमेले आणि मी. पहिल्या दिवशी तीन झाले. पूनमसिंग सकाळी नवे खणतो, मी सांजेला जुने बुजवते. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, एखाद दिवस आपन दोघंबी सुट्टी घेऊ." मी हसले नाही. पाचव्या दिवशी त्याने आपणहून कुदळ खाली ठेवली. म्हणाला, साहेबांना सांगतो तब्येत बिघडली. मी म्हटले, खोटे नको, मीच लिहिते. तर हे लिहिते आहे.

काल तानाबाई पदर खोचून आल्या. म्हणे, "वंगाळ असली तं काय झालं, लेकरं तं लेकरंच असते." आणि घमेले माझ्या हातून ओढून घेतले. त्यांच्यामागून दोघी आल्या. एकूण झालेल्या साठांतले एकेचाळीस बुजले आहेत.

तू पुन्हा माणसे पाठव. मी पुन्हा बुजवीन. एकसष्ट वर्षांची आहे, हात अजून चालतात.

बाई

पुणे, ८ जून २०२५

प्रिय बाई,

आठ दिवस तुझे पत्र खिशात घेऊन फिरलो. 'सुरेख गोल' असे मी आनंदाने लिहिले होते, आणि खुणा सोडून खण हे पूनमसिंगला सांगायचेच विसरलो होतो.

पूनमसिंगला थांबवले आहे. चारशे झाडे सोडून दे. पण चाळीस तरी? फक्त बांधाने, चारही बाजूंनी. मधले सगळे तुझ्या पाखरांना मोकळे. मंडळाची तयारी झाली आहे, गाडी ठरली आहे, बापूंचा फोटोही मोठा करून घेतला आहे. मला एकदम रिकाम्या हाताने माघारी जाता येत नाही.

आणखी एक, जे कधी सांगितले नाही. बापू गेले तेव्हा मी नोकरीला होतो त्या धरणावर पाणी सोडायची गडबड होती, म्हणून येता आले नाही, असे मी सर्वांना सांगितले. तशी गडबड नव्हती. बापूंना तसे पाहायची हिंमत नव्हती. तू एकटीने सगळे केलेस. मला त्यांच्यासाठी काहीतरी उभे करायचे आहे, बाई. डोळ्यांना दिसेल असे.

इंदर

तांडा, १४ जून २०२५

इंदर, माझ्या भिया, माझ्या भावा,

हे मला ठाऊक होते. तेव्हाच ठाऊक होते. बापूंनाही होते. ते म्हणाले होते, "त्याले नका बलावू, तो लेकरासारखा रडते." त्यांना तुझा राग नव्हता. दहा वर्षे तू हे एकट्याने वाहत होतास, मी विचारायला हवे होते.

त्यांचे शेवटचे आठ दिवस तुला सांगते, कारण तू पाहिले नाहीस. त्यांना घरात गुदमरायचे. बाज बरडावर नेऊन टाकायला लावली. तांड्यावरच्या धावजीच्या गाई अवतीभोवती चरायच्या. धावजी त्यांच्याहून दहा वर्षांनी धाकटा, पण दोघे मिळून आपल्या आजोबांच्या लदेणीच्या, पाठीवर माल वाहणाऱ्या बैलांच्या गोष्टी सांगायचे, कोणत्या घाटात किती बैल, मीठ कुठे उतरवले. एकदा मी बाज उन्हातून काढून बांधाच्या बाभळीखाली सरकवली. बापूंनी हाताने खूण केली, मागे ने. मी म्हटले, ऊन आहे. तर म्हणाले, "झाडाआड काईच दिसत नाई." मी छत्री धरून बसले. टिटवी बाजेपासून पाच पावलांवर बसली होती. दोघेही लांब बघत होते.

दिवाळीपर्यंत त्या गवताला विळा लागू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी का पाळला असेल? दर वर्षी कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन यायचे, नांगरून देतो म्हणायचे. तुरीचे पीक आले असते, थोडेफार. बापू नाही म्हणायचे. कारण विचारले की म्हणायचे, "असू दे." त्यांना डोळ्यांना दिसेल असे जे हवे होते, ते त्यांनी स्वतःच ठेवले आहे.

म्हणून चाळीसही नाही. चारही नाही. बांधावर चाळीस झाडे म्हणजे कावळ्यांना चाळीस खुर्च्या. बांधाची ती एक बाभूळ आहे, तिच्यापासून अंडी किती लांब घालायची ते टिटवीला बरोबर कळते. चहूबाजूंनी लावलीस तर लांब राहणारच काय?

झाडांशी माझे वैर नाही. तांड्याच्या शाळेपुढे एक झाड नाही, पोरे तापल्या पत्र्याखाली बसतात. हातपंपाशी म्हशी उन्हात उभ्या असतात. तिथे लावा, शंभर लावा. पण ६ तारखेला कोणी रोप घेऊन बरडावर पाय ठेवला, तर मी आडवी झोपेन. तुमच्या मंडळाच्या फोटोत मग मीही येईन.

तू एकटा ये कधीतरी. बाज काढून ठेवते.

तुझी,
बाई

पुणे, २५ जून २०२५

प्रिय बाई,

काल मंडळाची सभा होती. मी उभा राहून सांगितले, बरडावर झाडे लावायची नाहीत.

एकच गलका झाला. कोणी म्हणाले, सगळे ठरल्यावर? कोणी म्हणाले, तिथे आहे तरी काय? तेव्हा मी तुझे पत्र काढले, एप्रिलमधले, आणि वाचायला लागलो. टिटवी पोट भिजवून परत जाते ते दोनदा वाचून दाखवले.

मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, "झाडांना विरोध करणारी बाई पहिल्यांदाच ऐकली." मी म्हणालो, "माझी थोरली बहीण आहे, जपून बोला." बाई, हे मी म्हणालो!

कार्यक्रम दुसऱ्या गावी गेला. सचिवपदही गेले. सकाळी मी आता कालव्याच्या बाजूने एकटा फिरतो. पण दोघे जण मागून माझ्याकडे आले, म्हणाले शाळेसाठी रोपे आम्ही पाठवतो. चाळीस येतील.

उरलेले खड्डे बुजवलेस का? नसतील तर पूनमसिंगला सांगतो.

तुझा,
इंदर

तांडा, २० जुलै २०२५

प्रिय इंदर,

रोपे आली. शाळेपुढे बावीस लावली, हातपंपाशी अठरा. पोरांनी प्रत्येकाने आपापले एक वाटून घेतले आहे आणि पाण्यावरून भांडणे चालू आहेत. खड्डे सगळे बुजले. शेवटचे पूनमसिंगने बुजवले, आणि जाताना विचारले, "बाई, आता इथं खरंच काईच करायचं नाई? कोनी इचारलं तं काय सांगू?" मी म्हटले, सांग की बाई वेडी आहे.

तुला बरे वाटावे म्हणून खोटे लिहिणार नाही. बुजवलेल्या जागी गवत अजून धरलेले नाही, तण आले आहे. टिटवीची एक जोडी दिसते, पिल्ले नाहीत. यंदा बहुधा नाहीतच. धाविक दिसत नाही. खोकडाची तीन पिल्ले मात्र मोठी झाली, संध्याकाळी टेकाडावर येऊन बसतात.

काल एक जीप आली. दोन तरुण मुले, गळ्यात ओळखपत्रे. कुठल्याशा कंपनीसाठी रिकाम्या जमिनी शोधत होती, सौर विजेच्या काचा मांडायला. तीस वर्षांचा करार म्हणे. बरडाच्या मधोमध उभे राहून एक जण मला म्हणाला, "आजी, एवढी जागा नुसतीच पडली आहे." मी त्याला म्हटले, "बाळा, जरा उजवा पाय उचल. चंडोलाचे घरटे आहे." त्याने दचकून उचलला, आणि मग बराच वेळ एका पायावर उभा होता, दुसरा कुठे ठेवावा ते कळेना.

चहा पाजून त्यांना काढून दिले. जाताना दुसरा म्हणाला, "मॅडम, सातबाऱ्यावर दोन नावे आहेत. दुसऱ्या मालकाला आम्ही भेटू."

मी म्हटले, "जरूर भेटा. पुण्यात असतो. पण तो माझ्याहून हट्टी आहे."

पत्ता दिला आहे. येतील.

तुझी,
बाई